पेट्रोलऐवजी बॅटरीवर चालणारे गवतकापणी यंत्र : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाची कक्षा आज निश्चित झाली. मागून ढकलत न्यायचे, ५३ सेंटिमीटर रुंदीचे, पेट्रोल इंजिनावर चालणारे एक जुने यंत्र चाचणीसाठी घेतले आहे. त्याचा पत्र्याचा डेक (पात्यावरचे झाकण), चाके आणि हँडल तसेच ठेवून इंजिनाच्या जागी ब्रशविरहित विद्युत मोटर आणि लिथियम-आयन बॅटरी बसवायची आहे. अशी रूपांतरे करणारे बहुतेक जण अश्वशक्तीपासून सुरुवात करतात : इंजिन चार अश्वशक्तीचे होते, तेव्हा मोटरही तेवढीच घ्यायची, आणि मग बॅटरी फारच महाग पडते म्हणून काम सोडून द्यायचे. आम्ही उलट बाजूने जाणार आहोत. यंत्र चालू असताना ऊर्जा नेमकी कुठे खर्च होते आणि हँडल सोडल्यावर पाते किती लवकर थांबवता येते, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मोजून घ्यायची आणि मोटर, बॅटरी व पाते यांची मापे त्यावरून ठरवायची.

९ जानेवारी

जुन्या रचनांचा अभ्यास केला. एडविन बडिंग यांनी १८३० साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेले पहिले गवतकापणी यंत्र त्यांना लोकरी कापडावरचे तंतू छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून सुचले होते. दंडगोलावर बसवलेली सर्पिल पाती एका स्थिर पट्टीलगत फिरतात आणि गवत दोन धारांच्या मध्ये सापडून कापले जाते. गोल्फच्या मैदानावरील ग्रीन (भोकाभोवतीची आखूड हिरवळ) आजही याच तत्त्वाने सुमारे ३ मिलिमीटर उंचीवर कापले जाते आणि त्या कापाची सफाई दुसऱ्या कोणत्याही पद्धतीला साधलेली नाही. शिवाय या रचनेत हवा हलवण्यावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही, त्यामुळे लागणारी शक्तीही कमी. अडचण अशी की पाते आणि पट्टी यांतील फट कागदाच्या जाडीइतकी राखावी लागते, एखादा खडा मध्ये आला की धार गेलीच, आणि वाढलेले उंच गवत कापले जाण्याऐवजी दंडगोलापुढे लोळते.

पुढील काळात शक्तीचे साधन बदलत गेले. लँकशरमधील जेम्स समनर यांनी १८९३ मध्ये वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोल इंजिनाचे यंत्र बाजारात आणले. परंतु गवत कापण्याची रीत बडिंग यांचीच राहिली. माझ्या मते या इतिहासातील मोठे वळण इंजिनाचे नसून पात्याचे आहे. उभ्या दांड्यावर आडवे पाते अतिवेगाने फिरवायचे आणि गवताला दुसऱ्या धारेचा आधार न देता केवळ आघाताने कापायचे, ही कल्पना १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये यंत्ररूपाने विक्रीस आली. ती घरोघरी पोहोचली मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. सिडनीतील मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये बनवलेल्या पहिल्या ‘व्हिक्टा’ यंत्रावर पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा बसवलेला होता, हे प्रसिद्धच आहे. आमच्या कामाच्या दृष्टीने डब्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी दोन-स्ट्रोक इंजिन आडवे करून त्याचा दांडा उभा खाली आणला आणि पात्याची फिरती तबकडी थेट त्यावर बसवली. साखळी नाही, पट्टा नाही, गिअर नाही. आमची मोटरही याच पद्धतीने थेट जोडायची आहे.

या यादीत स्वीडनचे कार्ल डालमन यांचे नाव न घेता पुढे जाता येत नाही. ख्रिस्तोफर कॉकरेल यांचे हॉवरक्राफ्ट पाहून त्यांनी १९६० च्या दशकात चाकेच नसलेले, हवेच्या गादीवर तरंगणारे ‘फ्लायमो’ यंत्र घडवले. फिरत्या पात्याच्या यंत्रात हवा आपोआप हलतेच, तर तिच्याकडून काम का करून घेऊ नये, हा विचार त्यात सर्वांत उघडपणे दिसतो.

१७ जानेवारी

मोटर, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर आणि बॅटरी पॅक जोडून झाले. पॅकमध्ये चौदा सेल एकसर जोडलेले असून अशा तीन समांतर रांगा आहेत. नाममात्र दाब ५०.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ५८.८ व्होल्ट, क्षमता ७.५ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ३७८ वॉट-तास. हेच पॅक बाजारात ‘५६ व्होल्ट’ म्हणून विकले गेले असते. दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आहेत हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. तुलनेसाठी, एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. त्यातील बरीचशी इंजिनाच्या उष्णतेत जाते हे धरले तरी पॅकमधील प्रत्येक वॉट-तास जपून वापरावा लागणार, हे उघड आहे.

पात्याच्या टोकाच्या वेगाचा हिशेब केला. मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५३ सेंटिमीटर पात्याचे टोक सेकंदाला ८३ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाते. अमेरिकी मानकानुसार टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटर आहे. आमच्या पात्याने ती मिनिटाला सुमारे ३४७५ फेऱ्यांना गाठली असती. पेट्रोल इंजिनावर वेग आवरण्याचे काम गव्हर्नर (वेगनियंत्रक) करतो आणि कोणी त्याची स्प्रिंग ताणली तर मर्यादा मोडते. कंट्रोलरमध्ये ती आकड्यात बांधता येते, ही विद्युत मोटरीची कमी चर्चिली गेलेली जमेची बाजू आहे.

२८ जानेवारी

आजची नोंद लांब आहे, कारण प्रकल्पाचा गाभा आज हाती लागला.

गवताविना, बंद जागेत, कठडा लावून यंत्र चालवले आणि बॅटरीतून जाणारी शक्ती मोजली. मूळ पात्याने मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५६० वॉट घेतले. नंतर मध्यम उंचीच्या कोरड्या गवतावर तेच पाते तेवढ्याच वेगाने चालवले, तेव्हा सरासरी ८०० वॉटच्या आसपास लागले. म्हणजे गवत कापणे, ते उडवणे आणि डेकमध्ये फिरवणे या सगळ्याला मिळून २४० वॉट, आणि केवळ हवा घुसळण्याला त्याच्या दुपटीहून अधिक. हे यंत्र म्हणजे कडेला धार लावलेला पंखा आहे, आणि पंखा म्हणूनच त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

अर्थात ती हवा निरुपयोगी नसते. पात्याच्या मागच्या कडेला वर वळवलेला जो पंख असतो, तो डेकखाली हवा वर खेचतो. त्यामुळे चाकाखाली दबलेले गवत धार पोहोचण्याआधी उभे राहते. कापलेले तुकडे पिशवीपर्यंत ढकलले जातात. आणि तुकडे जमिनीतच मुरवायचे असतील तर ते डेकच्या घुमटात पुन्हा पुन्हा फिरून बारीक होईपर्यंत अधांतरी राहतात. अडचण अशी की या तिन्ही कामांना हवेचा जोर वेगवेगळा लागतो आणि एकाच वळणाचे पाते तिन्ही करू पाहते. पिशवी भरण्यासाठी उंच पंख हवा. बारीक करण्यासाठी मात्र हवा बाहेर न जाता आतच फिरली पाहिजे, म्हणून बारीक करणाऱ्या डेकचा बाजूचा मार्ग बंद करून घुमट खोल केलेला असतो आणि पात्याला अनेक ठिकाणी धार व वळण दिलेले असते.

पंख्याचा सर्वसाधारण नियम असा की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ३००० वरून २५०० वर आणला तर शक्ती ५८ टक्क्यांवर, म्हणजे ३२५ वॉटपर्यंत यायला हवी. प्रत्यक्षात ३४५ वॉट मोजली गेली. उरलेला फरक बेअरिंगचे घर्षण आणि मोटरीच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणारी ऊर्जा यांचा. ते घनाने कमी होत नाहीत. आवाजाचेही तसेच. पात्याचा आवाज टोकाच्या वेगाच्या पाचव्या ते सहाव्या घाताने बदलतो असे धरले, तर एवढ्या वेगबदलाने ४ ते ५ डेसिबल कमी व्हायला हवेत. इंजिनाचा आवाज गेल्यावर पात्याचाच आवाज शिल्लक राहतो, त्यामुळे हा हिशेब विद्युत यंत्रात अधिक मोलाचा ठरतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने ५० सेंटिमीटरपर्यंतच्या यंत्रांना ९६ आणि त्याहून रुंद, १२० सेंटिमीटरपर्यंतच्या यंत्रांना १०० डेसिबल ध्वनिशक्तीची मर्यादा घातली आहे. आमचे यंत्र केवळ तीन सेंटिमीटरांनी सैल गटात बसते. तरीही लक्ष्य कडक गटाचेच ठेवावे असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

३० जानेवारी

वेग कायमचा २५०० ठेवता येईल का, याची चाचणी घेतली. कोरड्या, विरळ गवतावर काप स्वच्छ येतो. दाट पट्ट्यात मात्र पाते मंदावले की गवताची टोके कापली न जाता फाटतात. आधाराविना कापताना गवताच्या काडीचे स्वतःचे जडत्व हाच तिचा आधार असतो. वेग अपुरा पडला की काडी वाकून निसटते. फाटलेली टोके नंतर पांढुरकी पडतात आणि लांबूनही ओळखू येतात. म्हणून स्थिर वेगाचा पर्याय सोडून भारानुसार वेग बदलण्याचे ठरवले : मोकळ्यावर २५००, विद्युतप्रवाह ठरावीक मर्यादेपुढे गेला की ३०००, आणि प्रवाह उतरल्यावर काही सेकंद थांबून पुन्हा खाली. हे थांबणे आवश्यक आहे, नाहीतर विरळ आणि दाट गवताच्या सीमेवर मोटर सतत चढउतार करत राहते आणि चालवणाऱ्याला यंत्रात बिघाड असल्यासारखे वाटते.

पेट्रोल इंजिनाला हे जमत नाही. भार वाढल्यावर त्याचा वेग आधी पडतो आणि मग गव्हर्नर थ्रॉटल (इंधन-हवेची झडप) उघडतो. मोटरीला चढायला निमिषमात्र पुरते, शिवाय ती आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या दुप्पट भारही थोडा वेळ सहन करते. त्यामुळे चार अश्वशक्तीच्या इंजिनाची जागा त्याच्या निम्म्या सततशक्तीच्या मोटरीने घेता येते. इंजिनातील उरलेली शक्ती ही बरीचशी राखीव होती.

८ फेब्रुवारी

डेकच्या माथ्यावर खिडकी कापून तिथे जाड पॉलिकार्बोनेटचा तुकडा बोल्टने बसवला. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडले असते, पण काही आदळल्यास ते तडकून उडते. डेकच्या आतील बाजूस लोकरीचे छोटे धागे चिकटवून, गवताविना पाते फिरवून हवेची दिशा पाहिली. बहुतेक धागे पात्याच्या फिरण्याच्या दिशेने ताणलेले होते. पुढच्या डाव्या कोपऱ्यात मात्र, जिथे पत्र्याचा गोलावा संपून सरळ भिंत सुरू होते, तिथले धागे उलटे वळून थरथरत होते. तिथे हवेचा भोवरा अडकतो. ओल्या गवताचा लगदा या यंत्राच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात साचतो आणि तिथलाच पत्रा गंजून पातळ झालेला आहे, हे डेक उलटा करताच स्पष्ट दिसले.

तो कोपरा वाकवलेल्या पत्र्याने भरून गोलावा सलग केला. गवताविना लागणारी शक्ती थोडी उतरली, पण खरा लाभ पुढच्या ओल्या गवताच्या चाचणीत कळेल. वेल्डिंगची शिवण आतून ग्राइंडरने सपाट केली, कारण उंचवटा राहिला तर लगद्याला पाय रोवायला पुन्हा जागा मिळते.

११ फेब्रुवारी

यंत्र स्वयंचलित करावे का, अशी विचारणा झाली. रोबॉट यंत्रांची कल्पना नवीन नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘मोबॉट’ आले होते आणि १९९५ मध्ये हुस्कवार्नाने सौरऊर्जेवर चालणारे यंत्र आणले. पुढे सीमेवर पुरलेली तार बराच काळ प्रमाण मानली गेली आणि आता उपग्रहांच्या संकेतांना जमिनीवरील केंद्राची जोड देऊन काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक स्थान काढतात. दाट झाडांखाली किंवा भिंतीलगत ती अचूकता ढळते. त्या यंत्रांतील माझ्या दृष्टीने सर्वांत हुशार भाग दिशाज्ञानाचा नसून पात्याचा आहे. गवत सतत थोडे थोडे कापायचे असल्याने तबकडीवर ब्लेडसारखी पातळ, खिळीभोवती मोकळी फिरणारी पाती पुरतात. दगड लागला की ती मागे सरतात, आणि हलकी असल्याने थांबतातही लगेच. पण ती वाढलेल्या गवतासाठी नाहीत आणि आमचा प्रश्न वाढलेल्या गवताचा आहे. विषय मिटवला.

२१ फेब्रुवारी

थांबवण्याचे काम. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नियमानुसार, ३० जून १९८२ नंतर बनलेल्या मागून चालवायच्या फिरत्या पात्याच्या यंत्रात हँडलवरील दांडी सोडल्यापासून ३ सेकंदांच्या आत पाते थांबलेच पाहिजे. डेकखाली हात घालून अडकलेले गवत काढण्याच्या मोहाला हेच उत्तर आहे. पेट्रोल यंत्रात ते दोन प्रकारे साधले गेले : फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) ब्रेक लावून इंजिनासकट सगळे थांबवायचे, किंवा पात्यालाच क्लच-ब्रेक देऊन इंजिन चालू ठेवायचे. पहिला मार्ग स्वस्त, पण पिशवी रिकामी करताना दर वेळी इंजिन सुरू करण्याची दोरी ओढावी लागते; दुसरा सोयीचा, पण महाग आणि जड.

आमच्या पात्याचे वजन ०.९ किलो. एकसमान पट्टी मानून मिनिटाला ३००० फेऱ्यांना त्यात सुमारे १०४० ज्यूल ऊर्जा असते आणि ती ३ सेकंदांत काढायला सरासरी २.२ न्यूटन-मीटर आघूर्ण (फिरवणारा जोर) लागते; मोटरीच्या फिरत्या भागाचे जडत्व वेगळे. आकडा किरकोळ आहे. प्रश्न ही ऊर्जा पाठवायची कुठे, हा आहे. ती बॅटरीत परत भरावी असे सर्वांना प्रथम सुचते. पण १०४० ज्यूल म्हणजे ०.३ वॉट-तासही नाही, त्यामुळे बचत शून्यवत. आणि पॅक पूर्ण भरलेला असताना त्याच्या संरक्षक मंडलाने जोडणी तोडली, तर तीच ऊर्जा कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये जाते. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर एवढी ऊर्जा ओतली तर हिशेबाने दाब हजार व्होल्टच्या वर जातो. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी मॉस्फेट (कंट्रोलरमधील इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतात. चार्जरवरून काढलेले यंत्र सुरू करून लगेच बंद करणे, ही तर अगदी रोजची कृती.

म्हणून मोटरीच्या तिन्ही तारा खालच्या मॉस्फेटमधून एकमेकींना जोडून ऊर्जा तिच्याच तांब्यात जिरवायचे ठरवले. साधारण ४०० ग्रॅम तांब्याला १०४० ज्यूलने सुमारे ७ अंश तापमानवाढ होते, ती सहज सोसते. तारा सलग जोडून ठेवल्या तर अतिवेगात वेटोळ्यांच्या प्रेरकत्वामुळे (प्रवाहातील बदलाला होणाऱ्या विरोधामुळे) ब्रेकचा जोर उलट कमी असतो, मधल्या वेगात तो शिगेला पोहोचतो आणि शेवटी वेगाबरोबर उतरत जातो. जोडणी तुटक-तुटक करून मधला धक्का आवरला. राहिला प्रश्न कंट्रोलरचा वीजपुरवठाच गेला तर काय, याचा. त्यासाठी वीज नसताना आपोआप बंद होणाऱ्या संपर्कांचा रिले बसवून तिन्ही तारा रोधातून जोडल्या जातील अशी व्यवस्था केली. चाचणीत नेहमीच्या ब्रेकने पाते २ सेकंदांच्या आत थांबते आणि केवळ रिलेवरही ३ सेकंदांची मर्यादा पाळली जाते.

२४ फेब्रुवारी

ब्रेकच्या चाचण्यांनंतर पात्याचा बोल्ट तपासला, तो किंचित सैल होता. कारण सरळ आहे. कापताना गवताचा रोध पात्याला अशा दिशेने फिरवू पाहतो की उजव्या आट्यांचा बोल्ट आवळला जातो. ब्रेक लागला की पात्याचे जडत्व त्याला उलट, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने ढकलते. हळू थांबणाऱ्या जुन्या यंत्रात हे लक्षात येत नसे. पाते बसवायच्या अ‍ॅडॉप्टरवर दोन पोलादी पिना घेऊन आघूर्ण त्यांच्यावर टाकले आहे. बोल्टने आता फक्त दाबून धरायचे.

३ मार्च

पाते हलके करण्याचा विचार. एक-सिलिंडर इंजिनाला पात्याचे वजन हवे असते, कारण हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनात पातेच अर्धे फ्लायव्हील असते आणि ते काढून इंजिन सुरू करू गेल्यास दोरी हाताला हिसका देते. मोटरीला असे वजन लागत नाही. ४ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर जाडीचे, थोडे अरुंद पाते ०.६ किलोत बसते. त्यातील ऊर्जा त्याच प्रमाणात घटते, आणि दगड उडवण्यासाठी हाताशी असलेला साठाही. साहित्य पूर्वीचेच, म्हणजे बोरॉनयुक्त मध्यम कार्बन पोलाद. कडकपणा मुद्दाम बेताचा ठेवला आहे, कारण पाते वाकले तर चालेल, तुटून उडता कामा नये.

ओल्या गवतावरील चाचणीत भरलेल्या कोपऱ्यात लगदा नगण्य. भारानुसार बदलणाऱ्या वेगाने सरासरी शक्ती ६०० वॉटपर्यंत आली. पॅकचा ९० टक्के भाग वापरला तर सुमारे ३४ मिनिटे. स्थिर ३००० वेगाला हीच वेळ पंचवीस-सव्वीस मिनिटांची होती.

१४ मार्च

नव्या पात्याची आघात चाचणी. चालू पात्याच्या मार्गात पोलादी नळी अचानक सरकवण्याच्या या चाचणीत पात्याचा कोणताही भाग सुटता कामा नये. तो सुटला नाही, पिना शाबूत राहिल्या, दांडाही सरळ. मात्र पंखाच्या वळणाच्या मुळाशी, आतील बाजूस, केसासारखी रेघ दिसली. रंगद्रव्य लावून पाहिल्यावर ती भेग असल्याचे निश्चित झाले. पातळ पट्टीला जुन्याच डायवर (वाकवण्याच्या साच्यावर) वाकवल्याने वळण टोकदार आले आहे. वळणाची आतील त्रिज्या जाडीच्या दुपटीपेक्षा कमी नसावी, वाकवणे उष्णतोपचाराआधी व्हावे आणि प्रत्येक तुकडीतील एक पाते रंगद्रव्याने तपासावे, असे रेखाचित्रावर लिहून ते पुन्हा वर्कशॉपकडे दिले. तोवर ४ मिलिमीटरचे पातेच यंत्रावर राहील.